कलम-चाकू : निवड आणि निगा

(नभोवाणीवरील शेतकी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)

आज मी आपल्याशी एका लहानशा वस्तूबद्दल बोलणार आहे. ती आपल्यापैकी पुष्कळांच्या खिशात आत्ताही असेल. लाकडी मुठीचा, घडीचा चाकू. आपण म्हणाल, चाकूबद्दल काय सांगायचे? चाकू तो चाकू. पण आपल्या भागात याच चाकूने संत्र्या-मोसंबीचे डोळे बांधले जातात, आणि बागेची सुरुवात होते ती त्या एका कापापासून. बाग उभी करायला विहीर लागते, खत लागते, मजुरी लागते, आणि पहिले फळ दिसायला चार-पाच वर्षे थांबावे लागते. त्या मानाने चाकूचा खर्च नगण्य. म्हणूनच त्याच्याकडे लक्ष जात नाही, आणि नुकसान मात्र मोठे होते.

माझ्यावरच आलेला प्रसंग सांगतो. बी.एस्सी. (कृषि) होऊन नोकरीला लागलो, त्या पहिल्या वर्षाची गोष्ट. वरूड भागातल्या एका गावी डोळे बांधण्याचे प्रात्यक्षिक होते. वाटेत मोटारसायकलवर बांधलेल्या सामानाची सुतळी मी खिशातल्या चाकूने कापली. पुढे एका धुऱ्यावर बसून त्याच चाकूने पेरू कापून खाल्ले. तोच चाकू धोतराला पुसावा तसा पँटला पुसला आणि पन्हेरीत जाऊन चाळीस खुंटांवर डोळे बांधले. सगळे पुस्तकाप्रमाणे केले. तीन आठवड्यांनी पाहायला गेलो, तर हिरवे राहिलेले डोळे फक्त सात. बाकीचे काळे पडून वाळलेले. शेजारच्या ओळीत त्याच काडीचे डोळे एका म्हाताऱ्या कलम बांधणाऱ्याने बांधले होते. त्यांचे बहुतेक सगळे जमले होते.

ते मला म्हणाले, "साहेब, तुमचं शिकणं बराबर हाये. चाकूचं बराबर नाई. साल कापा लागते, चेंदा नाई लागत." मग कोपरीच्या खिशातून त्यांनी आपला चाकू काढून दाखवला. मूठ शिसवाची, हातात राहून काळीभोर झालेली. पाते घासून घासून अरुंद झालेले, पण धार वस्तऱ्यासारखी. त्या चाकूने त्यांनी कधी सुतळी कापली नव्हती, की सुपारी कातरली नव्हती. तेव्हापासून मी दोन चाकू बाळगतो. आजच्या भाषणात सांगण्यासारखी मुख्य गोष्ट तीच आहे: कलमेचा चाकू वेगळा ठेवा, तो योग्य निवडा, आणि रोज पाच मिनिटे त्याच्यासाठी द्या.

बोथट धारेने काय बिघडते?

सालीच्या आत आणि लाकडाच्या बाहेर एक ओलसर, हिरवट, अगदी पातळ थर असतो. झाडाची जाडी वाढते ती याच थरामुळे. डोळ्याचा हा थर आणि खुंटाचा हा थर एकमेकांना चिकटून बसले की नवीन पेशी तयार होतात आणि जोड पक्का होतो. धारदार चाकूने एका ओढीत घेतलेला काप सपाट आणि गुळगुळीत असतो. बोथट चाकूने हा थर चिरडला जातो. चिरडलेल्या पेशी तपकिरी पडून मरतात आणि मेलेल्या पेशींवर जोड बसत नाही. शिवाय दोन-तीनदा करवतल्यासारखा काप घेतला की तो उंचसखल होतो, मधे हवा राहते आणि डोळा वाळतो. वरून आपण पॉलिथीनची पट्टी कितीही घट्ट बांधली तरी आतला दोष जात नाही. मग आपण काडीला नाव ठेवतो, हवेला नाव ठेवतो, नाहीतर नशिबाला.

चाकू घेताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, पात्याचे पोलाद. बाजारात दोन प्रकार दिसतात. एक साधे, म्हणजे कार्बनी पोलाद. ते ओलाव्याने गंजते. दुसरे न गंजणारे, म्हणजे स्टेनलेस. साध्या पोलादाला बारीक धार चटकन येते आणि घरच्या दगडावर ती परत लावता येते. स्वस्त स्टेनलेस पाते चमकते छान, पण त्यावर धार टिकत नाही. चांगल्या प्रतीचे स्टेनलेस पाते धार टिकवते, पण ते पाजवायला वेळ आणि चांगला दगड लागतो. जो रोज चाकू पुसून तेल लावेल, त्याने साध्या पोलादाचा घ्यावा. ज्याच्याने ते होणार नाही, त्याने चांगल्या प्रतीचा स्टेनलेस घ्यावा. गावचा लोहार जुन्या कमान-पाट्याचे पाते घडवून देत असेल आणि त्याला पाणी देण्याची कला अवगत असेल, तर तोही चाकू उत्तम. पाते जास्त कडक झाले तर धारेचे तुकडे उडतात, मऊ राहिले तर धार दुमडते. लोहाराकडूनच कानशीचा कोपरा पात्याच्या मुळाशी हलका फिरवून पाहा. कानस लोण्यात रुतल्यासारखी रुतली तर पाते मऊ आहे असे समजा.

दुसरी गोष्ट, धारेचा उतार. भाजी चिरायच्या चाकूला दोन्ही बाजूंनी उतार असतो. खास कलमेच्या चाकूला एकाच बाजूने उतार असतो आणि दुसरी बाजू सपाट असते. त्यामुळे काप सरळ जातो. दोन्ही बाजूंनी उतार असलेले पाते लाकडात शिरताना वळते आणि कापाला पोट येते. डावखुऱ्या माणसाला उतार उलट्या बाजूस लागतो. दुकानात जाताना दोन-चार हिरव्या काड्या बरोबर न्या आणि दुकानदाराला विचारून एक काप घेऊन पाहा. बोलण्यापेक्षा काडी खरे सांगते.

तिसरी गोष्ट, बिजागरी. चाकू उघडा, पात्याचे टोक जपून चिमटीत धरा आणि डावी-उजवीकडे हलवून पाहा. पाते मुठीत खुळखुळले तर तो चाकू ठेवून द्या. आज थोडे हलणारे पाते वर्षभरात दुप्पट हलते. मिटताना पाते खाचेच्या बरोबर मधे बसले पाहिजे. पाठीमागची कमान ताठ हवी, म्हणजे चाकू आपोआप मिटणार नाही. खटका दाबला की पाते उडून बाहेर येते, असला चाकू शेताच्या कामाचा नाही. तो घेऊच नका.

चौथी गोष्ट, मूठ. शिसव, बाभूळ, खैर अशा घट्ट लाकडाची मूठ टिकते. लाकडाचे रेषे मुठीच्या लांबीने गेलेले असावेत. आडवे रेषे असले की मूठ खिळ्यापाशी तडकते. बोट फिरवून पाहा. लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये फट नको, खिळ्यांची डोकी वर आलेली नकोत. जाड रंग दिलेली मूठ शक्यतो टाळा, रंगाखाली भेगा लपवलेल्या असतात. मूठ आपल्या मुठीत भरली पाहिजे. पन्हेरीत डोळे बांधायला आता भगिनीही मोठ्या संख्येने असतात. त्यांच्या हाताला लहान मूठ लागते. नवऱ्याचा चाकू बायकोच्या हातात बसेलच असे नाही, म्हणून तिचा चाकू तिलाच निवडू द्यावा.

पाचवी गोष्ट, साल उचलायची जीभ. टी पद्धतीने डोळा बांधताना खुंटाची साल अलगद उचलावी लागते. त्यासाठी काही चाकूंच्या मागच्या टोकाला हाडाची, पितळेची किंवा प्लास्टिकची बोथट जीभ असते. ती गुळगुळीत आहे ना, हे नखाने पाहून घ्या. पात्याच्या टोकाने साल उचलू नये, त्याने आतला ओला थर ओरबाडला जातो. पाते पाच ते सात सेंटिमीटर लांब असले की पुरे. मोठ्या पात्याचा इथे काही उपयोग नाही.

धार कशी लावावी?

दोन अंगांचा दगड घ्या, एक अंग जाड आणि एक बारीक. दगड पाण्याने भिजवा आणि तो हलणार नाही असा ओल्या फडक्यावर ठेवा. उताराची बाजू दगडावर पूर्ण टेकेल एवढीच पात्याची पाठ उचला. दीड सेंटिमीटर रुंदीच्या पात्याची पाठ साधारण अर्धा सेंटिमीटर उचलावी लागते. मग मुळापासून टोकापर्यंत, एकाच कोनात, हलक्या हाताने फिरवा. घाईत कोन बदलला की धार गोल होते.

थोड्या वेळाने सपाट बाजूला धारेवर बारीक खरखरीत कड येते. अंगठा पाठीकडून धारेकडे आडवा सरकवला की ती कळते. अंगठा धारेच्या लांबीने कधीही फिरवू नका. कड आली की समजावे, उतार पुरता घासला गेला. आता बारीक अंगावर पुन्हा तेच करा. शेवटी सपाट बाजू दगडावर अगदी सपाट ठेवून दोन-तीनदाच फिरवा म्हणजे कड निघून जाईल. सपाट बाजूला उतार पाडू नका, नाहीतर कलम-चाकूचा भाजीचा चाकू होईल. त्यानंतर न्हावी वस्तरा पट्ट्यावर ओढतो, तसे पाते जुन्या चामडी पट्ट्यावर पाठ पुढे करून आठ-दहा वेळा ओढा. वर्तमानपत्राचा कागद हातात उभा धरून कापा. कागद न फाटता सरळ कापला गेला की चाकू तयार झाला.

कामाच्या दिवसात पट्टा जवळ ठेवावा. शंभरेक डोळे झाले किंवा काप ओढावासा वाटू लागला की दोन मिनिटे पट्ट्यावर पाते ओढा. दगड रोज लागत नाही.

बाजारातल्या विजेच्या चाकावर मात्र हा चाकू देऊ नका. चाकावर ठिणग्या उडतात, पाते तापते. त्यावर निळी झाक आली की समजावे, पात्याचे पाणी उतरले. मग कितीही पाजवा, धार टिकत नाही. याच कारणासाठी पाते दिव्यावर किंवा चुलीवर धरून 'शुद्ध' करण्याचा प्रकारही टाळावा.

चाकूवरून रोग जातो

आता सर्वांत महत्त्वाचे. माझ्या मामांनी आपल्या बागेसाठी स्वतः कलमा बांधल्या होत्या. खुंट रंगपूर लाईमचे. भाऊबंदांच्या तीन-चार जुन्या झाडांच्या काड्या आणल्या आणि एकाच चाकूने सगळ्या बांधल्या. चाकू मधे एकदाही धुतला नाही. झाडे लागली, पाच वर्षे छान दिसली. सहाव्या वर्षी काही झाडांच्या खुंटाची साल उभी तडकू लागली, पापुद्रे सुटू लागले आणि झाडे खुजी राहिली. मामा मला म्हणाले, "पाणी देल्लं, शेणखत देल्लं, मंग चुकलं कुठं?" माझ्याकडे त्यांच्या समाधानाचे उत्तर नव्हते. रोग मुळात एखाद्या काडीतच होता हे उघड आहे. पण तो किती झाडांवर काडीने गेला आणि किती झाडांवर चाकूने नेला, हे आज कोणाला सांगता यायचे नाही.

लिंबूवर्गीय झाडांच्या या रोगाला एक्सोकॉर्टिस म्हणतात. तो विषाणूपेक्षाही लहान अशा घटकामुळे होतो, त्याला व्हायरॉइड म्हणतात. कलमेच्या हत्यारांवरून तो एका झाडातून दुसऱ्यात जातो, हे अमेरिकेत १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. जंबेरीच्या खुंटावर तो सहसा दिसून येत नाही, रंगपूर लाईमवर दिसतो. म्हणजे जंबेरीवरचे निरोगी दिसणारे झाडही आत रोग बाळगून असू शकते. त्यात वाईट गोष्ट अशी की तो कोरड्या पात्यावरही काही दिवस टिकतो, आणि स्पिरिटने किंवा ज्योतीवर धरल्याने त्याचा भरवशाने नाश होत नाही.

यावर उपाय साधा आहे. कपडे शुभ्र करण्यासाठी किराणा दुकानात सोडियम हायपोक्लोराईटचे द्रावण मिळते. त्याचा एक भाग आणि स्वच्छ पाणी चार भाग असे मिश्रण प्लास्टिकच्या डब्यात करा. एका मातृवृक्षाच्या काड्या संपल्या आणि दुसऱ्याच्या घ्यायच्या झाल्या, की आधी पाते पुसून चीक काढा, मग ते या मिश्रणात बुडवून चांगले ओले करा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. काड्या कापायच्या कात्रीलाही हेच करा. मिश्रण रोज ताजे करा, शिळ्यात जोर राहत नाही. त्यात फरशी धुण्याचे ॲसिड किंवा दुसरे काहीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. मुलांच्या हाती ते लागू देऊ नका. या द्रावणाने पोलाद गंजते, म्हणून धुणे आणि पुसणे चुकवू नये.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. चाकू कितीही स्वच्छ असला तरी रोगट काडी त्याने निरोगी होत नाही. काडी खात्रीच्या मातृवृक्षाचीच घ्यावी. त्याबाबत नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडून किंवा कृषि विद्यापीठाकडून मार्गदर्शन घ्यावे. डोळाही जमिनीपासून वीतभर उंचीवर, म्हणजे वीस ते पंचवीस सेंटिमीटरवर बांधावा, म्हणजे जोड मातीपासून आणि डिंक्या रोगापासून दूर राहतो.

डिंक्यावरून आठवले. डिंक्या झालेल्या झाडाची साल खरवडून आपण बोर्डो मलम लावतो. ती साल खरवडायला कलम-चाकू कधीही वापरू नका, त्यासाठी जुना निराळा चाकू ठेवा. तसेच बोर्डो मिश्रण बरोबर झाले की नाही हे पाहायला काही जण चाकूचे पातेच त्यात बुडवतात. मिश्रणात चुना कमी पडला असेल तर लोखंडावर तांबूस थर चढतो, ही परीक्षा खरी आहे. पण मोरचुदाने पाते खाल्ले जाते. त्या कामाला एखादा जुना खिळा घासून घ्या.

रोजची आणि पावसाळ्याची निगा

संत्र्या-लिंबाचा रस आणि झाडाचा चीक हे आंबट असतात, ते पात्यावर राहू देऊ नका. संध्याकाळी पाते ओल्या फडक्याने पुसा, मग कोरडे करा आणि खोबरेल तेलाचा पुसट हात फिरवा. बिजागरीत एक थेंब सोडा आणि चाकू चार वेळा उघडझाप करा. दुसऱ्या दिवशी काम सुरू करण्यापूर्वी हे तेल पूर्ण पुसून काढा. तेलकट पात्याने काप घेतला तर तेल कापावर लागते आणि जोडात अडथळा येतो.

साध्या पोलादाच्या पात्यावर काही दिवसांनी करडी-काळसर झाक येते. तो गंज नव्हे, ती घासून काढण्याची गरज नाही. तांबडा, खरखरीत डाग दिसला तर तो गंज. चाळलेली राख आणि तेल चिंधीवर घेऊन तेवढाच भाग घासा.

मूठ पाण्यात भिजत ठेवू नका. लाकूड फुगते आणि पाते अडकते. तसे झालेच तर चाकू उघडा ठेवून सावलीत वाळवा. उन्हात किंवा चुलीपाशी ठेवला तर मूठ तडकेल. वर्षातून दोनदा मुठीला जवसाचे तेल चोळा. हे तेल हवेने हळूहळू घट्ट होऊन लाकडात बसते. रात्रभर मुरू द्या आणि वर राहिलेले पुसून टाका. पुसलेली चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात किंवा कडब्याच्या गंजीजवळ टाकू नका. जवसाच्या तेलाची चिंधी वाळताना आपोआप तापते आणि कधी कधी पेट घेते. ती मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

पावसाळ्यात चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडे ओल धरते. तेल लावून कोरड्या सुती फडक्यात गुंडाळा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा.

आपला हात सांभाळा

धारदार चाकूपेक्षा बोथट चाकूनेच जास्त जखमा होतात, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि तो निसटतो. काडी धरलेल्या हाताच्या अंगठ्याला जुन्या ट्यूबची किंवा कापडाची पट्टी गुंडाळा. चाकू मिटताना चारही बोटे खाचेबाहेर आहेत हे पाहून, तळहाताने पाते ढकला. दुसऱ्याच्या हाती देताना चाकू मिटूनच द्या. उघडा चाकू धुऱ्यावर टेकवून चहाला जाऊ नका.

जखम झालीच तर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा. त्यावर माती, शेण किंवा तंबाखू लावू नका. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, चाकू गंजलेला नसला तरी धोका असतोच. म्हणून जखम लहान असली तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दाखवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा.

थोडक्यात सांगायचे तर :

१. कलमेचा चाकू वेगळा ठेवा. ओळखीसाठी मुठीला लाल दोरा बांधा. सुतळी, सुपारी, फळे यांना दुसरा चाकू.

२. एका बाजूने उताराचा, न खुळखुळणारा, हातात बसणारा चाकू निवडा.

३. दगडावर घरीच धार लावा, कामात पट्टा वापरा. विजेचे चाक नको, ज्योत नको.

४. झाड बदलले की पाते औषधाच्या पाण्यात बुडवा, धुवा, पुसा.

५. संध्याकाळी पुसून तेल लावा, सकाळी तेल पुसूनच काम सुरू करा.

त्या म्हाताऱ्या बाबांचा चाकू मी पुढेही एकदा पाहिला. तो त्यांच्या नातवाच्या खिशात होता. पाते आणखी अरुंद झाले होते. मी काप घेऊन पाहिला, एका ओढीत गेला. नातू म्हणाला, "आबानं सांगून ठेवलं हाये, यानं सुतळी कापाची नाई." बंधू-भगिनींनो, आपल्याही घरात एवढे एक वाक्य सांगून ठेवा. या हंगामात डोळे बांधायला बसण्यापूर्वी आज रात्रीच आपला चाकू काढून दिव्याखाली पाहा, आणि लागली तर धार लावा.